आजोबांच्या जपानी तलवारीवरचे नाव कसे वाचावे

तुमचा प्रश्न असा आहे. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९४७ मध्ये जपानहून परतताना त्यांनी एक तलवार आणली आणि ती आजवर माळ्यावरच्या ट्रंकेत होती. म्यान लोखंडी, मातकट हिरव्या रंगाचे. मुठीवर आडवीतिडवी गुंडाळलेली फीत आणि तिच्या फटींतून दिसणारे पांढरे, खरखरीत कातडे. मावसभावाने मूठ थोडी सरकवून पाहिली तेव्हा आत कोरलेली अक्षरे दिसली. त्याने मोबाइलवर फोटो काढून भाषांतर करून पाहिले, तर 'एकाच वेळी' असा काहीतरी अर्थ आला. आता तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: ही तलवार कोणी घडवली, आणि आतला गंज काढला तर नाव स्पष्ट वाचता येईल का.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात घाई झाली तर पहिला प्रश्नच उरणार नाही. गंज काढू नका. पॉलिश पेपर नको, लिंबू नको, चिंच नको, गंज काढायचा स्प्रे तर मुळीच नको. विळ्याचे किंवा खुरप्याचे टोक जसे लाकडी मुठीत ठोकलेले असते तसे तलवारीच्या पात्याचे एक टोक मुठीत जाते. जपानीत त्याला नाकागो म्हणतात. नाकागो जपानमध्ये शेकडो वर्षांत कोणी घासलेला नाही. त्याच्यावरचा गंज हाच त्याच्या वयाचा दाखला असतो. दोनतीनशे वर्षांचा गंज काळपट, दाट आणि गुळगुळीत असतो, बोट फिरवले तर हाताला लागत नाही. १९४०च्या आसपासच्या नाकागोवर तो तपकिरी असतो, मधूनमधून पोलादाचा राखाडी रंग दिसतो आणि कानशीचे चरे अजून धारदार लागतात.

काही वर्षांपूर्वी कऱ्हाडकडच्या एका घरातून माझ्याकडे अशीच एक तलवार आली. आणण्याआधी घरच्यांनी ती शहरातल्या एका पॉलिशवाल्याकडे दिली होती. हेतू चांगला होता, तज्ज्ञाला दाखवायची म्हणून स्वच्छ करून. त्याने पात्याबरोबर नाकागोही बफवर धरला. माझ्या टेबलावर आला तेव्हा नाकागो स्टीलच्या ताटासारखा चमकत होता. कानशीचे चरे गेलेले, भोकाच्या कडा गोल झालेल्या आणि नावाच्या जागी पाचसहा उथळ खळगे. मी बॅटरी सगळ्या बाजूंनी आडवी धरून पाहिली, कागद लावून ठसा घेतला, दोन दिवस त्याच्यावर घालवले. उलट्या बाजूचा 'आठवा महिना' तेवढा लागला. नाव लागले नाही आणि आता ते कोणालाच लागणार नाही. त्या आजींचा चेहरा मला अजून आठवतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे. 'कोणी घडवली' असे विचारताना खरे तर 'ही कसली तलवार आहे' हे आधी ठरवावे लागते. नावावरून तलवार ओळखायची असे सगळ्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. तलवार ओळखली की मग नावाला अर्थ येतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्करी तलवारी, म्हणजे गुन्तो, ढोबळमानाने चार जातींच्या. पहिली हवालदार दर्जाच्या सैनिकांना सरकारकडून मिळणारी, १९३५च्या नमुन्याची. ती पूर्ण कारखान्यातली. मूठ बहुधा ओतीव धातूची, फितीची नक्षी साच्यातच उमटवून वरून रंग दिलेला, आणि पात्यावर मुठीजवळ साधे आकडे ठोकलेले. तिच्यावर कारागिराचे नाव नसतेच. तुमच्या मुठीला खरी फीत आणि खरे कातडे (ते पाकट माशाचे असते) आहे, त्यामुळे ही जात बाद. उरलेल्या तीन जाती अधिकाऱ्यांच्या. जपानी अधिकारी आपली तलवार स्वतःच्या खर्चाने घेत असे, म्हणून १९३४ आणि १९३८च्या नमुन्यांचे साज, म्हणजे मूठ, म्यान वगैरे, बाहेरून एकसारखे असले तरी आत काय असेल सांगता येत नाही. गिरणीतल्या पोलादाच्या पट्टीपासून घडवून तेलात विझवलेले पाते असू शकते. तामाहागाने नावाच्या भट्टीच्या पोलादाला घड्या घालून, चिकणमातीचा लेप देऊन, पाण्यात विझवलेले पारंपरिक पाते असू शकते. किंवा घरातली तीनचारशे वर्षांची वडिलोपार्जित तलवार लष्करी साजात बसवलेली असू शकते. या तिन्हींवर नाव कोरलेले सापडते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

सुरुवातीच्या काळात मी यात चुकले आहे. एका तलवारीवर 'कानेमोतो' असे नाव नीट वाचता आले. मध्य जपानातल्या मिनो प्रांतात सोळाव्या शतकात या नावाचा मोठा कारागीर होऊन गेला, त्याच्या धारेवरची टोकदार लाटांची नक्षी प्रसिद्ध आहे. मी त्या कुटुंबाला सांगून मोकळी झाले की पाते चारशे वर्षांचे असू शकते. पुढच्या खेपेला पात्याच्या बुडाशी असलेली पितळी पट्टी, म्हणजे हबाकी, काढली, तर तिच्याखाली मुगाच्या दाण्याएवढा गोल शिक्का निघाला. मिनोतल्याच सेकी या तलवारींच्या गावच्या युद्धकाळातल्या तपासणीचा. नाव तेच, पण तलवार आमच्या आजीच्या लग्नानंतरची. त्या लोकांना परत फोन करणे मला फार जड गेले. तेव्हापासून शिक्का पाहिल्याशिवाय मी नाव उच्चारत नाही.

मूठ पूर्ण काढल्याशिवाय यातले काहीच दिसणार नाही. मुठीच्या मध्याच्या वर एक बांबूची बारीक खुंटी आरपार गेलेली असते, मेकुगी. काही लष्करी साजांत दोन असतात, कधी एकीच्या जागी स्क्रू असतो. खुंटी निमुळती असते, म्हणून बारीक तोंडाच्या बाजूने पितळेच्या किंवा कठीण लाकडाच्या काडीने हलके ठोकून जाड बाजूने बाहेर काढायची. मग डाव्या हातात मूठ धरून पाते वर, किंचित तिरपे, धार स्वतःपासून लांब. उजव्या हाताच्या मुठीने डाव्या मनगटावर बेताने ठोके द्यायचे. पाते आपोआप सैल होऊ लागते. दोन माणसे असू द्या आणि मुलांना खोलीबाहेर ठेवा, ऐंशी वर्षांपूर्वीची धार अजून बोट कापते. पात्याला उघड्या बोटांनी स्पर्श करू नका, घामाचा डाग आठवड्यात गंज होतो. आठदहा ठोक्यांत सुटले नाही तर थांबा. आत गंजाने धरलेले असेल तर हातोडी मारून मूठ फुटते, आणि मूठही त्याच काळाची वस्तू आहे. तुमच्या मावसभावाच्या हातून मूठ थोडी सरकली आहे म्हणजे खुंटी बहुधा गेलेली किंवा तुटलेली आहे. तसे असेल तर ती तलवार म्यानातून उपसूच नका, पाते मुठीतून निसटते.

मूठ निघाल्यावर नाव वाचायला धावू नका. मी ज्या क्रमाने पाहते तो असा: आधी शिक्के, मग तारीख, मग गाव, आणि शेवटी नाव.

शिक्के नाकागोच्या वरच्या टोकाशी, हबाकीच्या आसपास असतात. चेरीच्या फुलात बसवलेले 'शो' हे अक्षर किंवा गोलातले 'सेकी' हे अक्षर दिसले तर पाते पारंपरिक पद्धतीचे नाही असे धरून चालायचे. पाच टोकांची चांदणी दिसली तर आनंद करा. लष्कराने नेमलेल्या कारागिरांना तामाहागाने पुरवून पारंपरिक पद्धतीने घडवून घेतलेल्या पात्यांवर ती असते. जहाजाचा नांगर दिसला तर नौदलाची. शिक्काच नसेल तर दोन्ही शक्यता उघड्या राहतात, म्हणून शिक्का नाही याचा अर्थ 'जुनी' असा लावू नका. आणखी एक, हबाकी आणि परजेच्या (मुठीपुढच्या आडव्या तबकडीच्या) चकत्यांवर एकच आकडा पुन्हापुन्हा ठोकलेला किंवा नाकागोवर रंगाने लिहिलेला आढळेल. तो जुळणीचा आकडा, हे भाग एकाच तलवारीचे आहेत हे कारागिराला कळावे म्हणून घातलेला. त्यातून साल निघत नाही.

तारीख सहसा नावाच्या उलट बाजूला असते, आणि ती वाचायला जपानी यावे लागत नाही. पात्याचे टोक वर धरा आणि वरून खाली वाचत या. पहिली दोन अक्षरे शासनकाळाची, इथे बहुधा 'शोवा'. त्यातल्या पहिल्याच्या डाव्या अंगाला बंद चौकट असते, मधे एक आडवी रेघ. दुसऱ्याच्या उजव्या अंगाला छोटा रिकामा चौकोन. त्यांच्याखाली आकडा. एक, दोन, तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे आपले अधिकचे चिन्ह. आठ म्हणजे छपराचे दोन वासे, वर एकमेकांना न टेकणारे. तेव्हा अधिकचे चिन्ह आणि खाली दोन वासे म्हणजे अठरा. शोवाच्या आकड्यात १९२५ मिळवा, आले १९४३. त्याखाली 'वर्ष' हे अक्षर, मग महिन्याचा आकडा, मग 'महिना': वरून बंद, खालून उघडी, दोन पायऱ्यांच्या शिडीसारखी चौकट. शेवटी 'दिवस', म्हणजे पुन्हा ती बंद चौकट मधल्या रेघेसह, आणि तिच्याआधी बहुतेकदा आकडाच नसतो. जुन्या तलवारींवर दुसरा किंवा आठवा महिना लिहायची रूढी होती, ती युद्धकाळातही पुष्कळांनी पाळली. त्यामुळे 'आठवा महिना' वाचून ऑगस्टमध्येच घडवली असे छातीठोक म्हणू नका. कधी शोवाऐवजी जपानच्या पारंपरिक राजसंवताचे २६०० हे वर्ष कोरलेले असते. ते १९४०.

आता नावाची बाजू. टोक वर आणि धार तुमच्या डावीकडे ठेवली की समोर जी बाजू येते तिच्यावर पुष्कळ लष्करी तलवारींचे नाव असते. वाक्याची ठेवण ठरलेली असते: प्रांत आणि गाव, मग 'इथला रहिवासी' अशा अर्थाचे 'जू', कधी एखादी पदवी किंवा फुजिवारा, मिनामोतो असे कुळनाव, मग दोन अक्षरी नाव, आणि शेवटी 'साकू', म्हणजे 'याने केली'. पाटावरवंट्याला टाकी लावणाऱ्यासारखा कारागीर छिन्नीने एकेक ठोका देत अक्षर काढतो, प्रत्येक रेघेच्या कडेला लोखंडाची बारीक कोर उचलली जाते. ती कोर बोटाला लागते का, तिच्यावर गंज सगळीकडे सारखा बसलाय का, हे मी भिंगाखाली पाहते. गंजलेल्या नाकागोत नंतर कोरलेल्या अक्षराच्या खोबणीत गंज कोवळा राहतो.

मोबाइल इथे का फसतो तेही सांगते. तुमच्या फोटोतले पहिले अक्षर कंगव्यासारखे आहे: आडव्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या दोन उभ्या, खाली फाकलेले पाय. रोजच्या जपानीत त्याचा अर्थ 'तसेच', 'एकाच वेळी'. कारागिराच्या नावात ते 'काने' असे वाचतात. सेकीच्या परंपरेत असंख्य कारागिरांची नावे 'काने'ने सुरू होतात: कानेमोतो, कानेमिची, कानेतोशी. एकाच अक्षराचे दोनतीन उच्चार, त्यात युद्धापूर्वीची जुनी, जास्त रेघांची वळणे, त्यात छिन्नीने घाईत तुटलेल्या रेघा. जपानी उत्तम येणारा माणूसही इथे अडखळतो. मी पुण्यात भाषा शिकले तेव्हा वर्तमानपत्र वाचू शकत होते, पण नाकागो वाचायला पुढे चार वर्षे लागली. शिवाय सेकीत मागणी वाढली तेव्हा नाव कोरायचे काम वेगळी माणसे करत. एकाच कारागिराचे नाव तीन वेगळ्या हातांचे सापडते, तेव्हा अक्षराचे वळण जुळत नाही म्हणून लगेच 'खोटे' असा शिक्का मारू नये.

कधी कोरलेले असते ते नाव नसतेच. एका घरी चार मोठी अक्षरे होती आणि कोणीतरी ती तलवारीच्या मालकाचे, जपानी सेनापतीचे नाव म्हणून वाचून दिली होती. दहा वर्षे ते कुटुंब त्या सेनापतीचा शोध घेत होते. ती अक्षरे होती 'कोआ इश्शिन': आशियाच्या उत्थानासाठी एक मन. दक्षिण मंचुरिया रेल्वेच्या कारखान्यात तयार झालेल्या तलवारींवर हे घोषवाक्य असते आणि खाली रेल्वेचे संक्षिप्त नाव. तिथले पोलाद थंडीत न तुटणारे म्हणून नावाजलेले. मालकाचा पत्ता लागला नाही, पण पात्याचा लागला. याउलट 'यासु' या अक्षराने सुरू होणारे नाव दिसले, यासुनोरी, यासुमित्सु असे, तर मात्र लगेच कळवा. टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ ते १९४५ या काळात सुमारे ८,१०० तलवारी पारंपरिक पद्धतीने घडल्या आणि तिथल्या कारागिरांना 'यासु' हे अक्षर मिळत असे. त्या आज जपानमध्ये मानाने जपल्या जातात.

फार मोठे नाव निघाले तर उलट सावध व्हा. मासामुने किंवा कोतेत्सु या नावांच्या खोट्या सह्या जपानमध्येच शेकडो वर्षे कोरल्या गेल्या आहेत. कोतेत्सुचे नाव दिसले की जाणकार आधी संशयच घेतात. लहान गावचा, कमी माहितीतला कारागीर निघाला तर मला जास्त भरवसा वाटतो, त्याचे नाव चोरून कोणाला काय मिळणार होते?

आजोबांबद्दल तुम्ही लिहिलेय की घरात 'लढाईत जपानी अधिकाऱ्याकडून हिसकावली' असे सांगतात. यावर थोडे बोलते, कारण तलवारीचा माग इथूनही लागतो. ते कोणत्या बटालियनमध्ये होते ते कागदांत पाहा. चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी समोरासमोर लढली. पहिली बटालियन मात्र इटलीत जर्मनांशी लढत होती, आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये थिमय्या यांच्या २६८व्या ब्रिगेडबरोबर ताबा फौज म्हणून जपानला गेली. तुमचे आजोबा १९४७ला जपानहून आले म्हणजे ते बहुधा या पहिल्या बटालियनमधले. त्या काळात जपानी नागरिकांनाही घरातली शस्त्रे जमा करावी लागली होती आणि त्या ढिगांतून पुष्कळ तलवारी सैनिकांना आठवण म्हणून मिळाल्या. यात आजोबांच्या शौर्याला कमीपणा नाही, इटलीची मोहीम काय होती हे त्या बटालियनच्या नामदेव जाधव यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसवरून कळते. पण तलवारीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ती एखाद्या घरातून आलेली असू शकते, आणि मग साज लष्करी असूनही आतले पाते जुने असण्याची शक्यता थोडी वाढते. नाकागोला एकाहून अधिक भोके आहेत का ते त्यासाठी पाहा. साज बदलताना दर वेळी खुंटीची जागा बदलते, म्हणून जुन्या पात्यांना दोनतीन भोके सापडतात. लांब पाते कधी मागून कापून लहान करत, तेव्हा नाव अर्धे राहते किंवा पूर्ण जाते.

कायद्याचेही पाहून घ्या. नऊ इंचांहून लांब पात्याचे हत्यार शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते आणि परवान्याची गरज तुमच्या भागातल्या अधिसूचनेवर ठरते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा. पाते शंभर वर्षांहून जुने निघाले तर ते १९७२च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकते, मग ते देशाबाहेर नेता येत नाही. 'भाचा जपानमध्ये आहे, त्याच्याबरोबर पाठवून तिथेच दाखवू' असे तुम्ही लिहिलेय, ते तर करूच नका. जपानमध्ये पारंपरिक पद्धतीने घडलेल्या पात्यांचीच नोंदणी होते. कारखान्यातले गुन्तो तिथे पोहोचले की जप्त होते आणि परत मिळत नाही. तपासायला फोटो आणि ठसा पुरतो.

ठसा घरी घेता येतो. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसेच. पतंगाचा पातळ कागद नाकागोवर ताणून चिकटपट्टीने बांधा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. कोरलेल्या रेघा पांढऱ्या राहतील. फोटोसाठी खोलीत अंधार करा, नाकागो काळ्या कापडावर ठेवा आणि बॅटरी वरून न धरता बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. बॅटरी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो, टोकाची दिशा वर. हबाकी काढून त्याखालचा भाग वेगळा, अगदी जवळून. धारेवरची लाट बल्बच्या उजेडात तिरकी धरून एक फोटो. मग पात्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, नाकागो कोरडाच ठेवा, आणि खुंटी नसेल तर नवी बसेपर्यंत पाते मुठीपासून वेगळे सुती कापडात गुंडाळून ठेवा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिले अक्षर 'काने' असल्याबद्दल मला फारशी शंका नाही, त्यामुळे सेकीकडचे पाते असण्याचा संभव मोठा आहे. दुसरे अक्षर फ्लॅशच्या झोतात पांढरे पडलेय आणि नावाच्या वरचा, हबाकीजवळचा भाग फोटोत आलेलाच नाही. तिथे तो गोल शिक्का आहे की चांदणी, की काहीच नाही, एवढे पाहून कळवा. नावाचे त्यानंतर बोलू.